भाऊ – बंद ठेवा

वाशीला, सेक्टर सतरामध्ये, एसीच्या दुकानात
लाल रंगाचा एक डबा काउंटरवर ठेवून
पोरगा विचारतो, इनपुट किती लागतील?

साधा प्रश्न. चप्पल किती नंबरची, इतका साधा.
मी माणसं मोजायला लागतो.
एक माझा आवाज. एक माझी गिटार.
मग निशिगंधा, जी आता नाशकात
लोकांच्या दातांचे ठसे घेते.
मग रेमंड; त्याचे ड्रम माळ्यावर, तो मस्कतला.
दोन, मी म्हणतो.

दोनवाला आहे, साडेतेरा हजार, केबल फुकट,
आणि लेटन्सी तर नाहीच समजा.
लेटन्सी म्हणजे बोलल्यापासून
ऐकू येईपर्यंतचा वेळ.
आमच्या घरी, बाबांच्या बाबतीत,
तो साधारण चार वर्षं होता.

विचार करून सांगतो, म्हणालो.
घरी आई म्हणाली, मिक्सर कशाला आणखी,
आपला चालतोय की,
फक्त चटणीचं भांडं तेवढं गळतं.

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत
पद्माकर म्हात्रेंची बेंजो पार्टी बंद झाली होती.
बारा चॅनलचा मिक्सर, आठ हजार, बघून जा.
तांदळाच्या गोणीखालून त्यांनी तो काढला
जसं कुणी झोपलेलं मूल हलवतं.
फेडरच्या फटींतून अजून हळद होती,
खरीखुरी, कुठकुठल्या मांडवांतली.
आणि प्रत्येक फेडरखाली पट्टी, बॉलपेनने लिहिलेली:
ढोलकी. बेंजो एक. बेंजो दोन. कच्छी.
टिमकी. कीबोर्ड, सावकाश.
वैशाली; नसेल तर चेतना.
अगदी शेवटी, बाराव्यावर:
भाऊ – बंद ठेवा.

भाऊ कोण?

माजा मोठा भाव, म्हात्रे म्हणाले.
सूर नवता त्याला. पन टेम्पो त्याचा व्हता.
सोला वर्सं गायला आमच्यासंगं.

फेडर खाली?

फेडर खाली. पन त्याच्या मॉनिटरला सोरायचो ना.
त्याचा त्याला आयकू जायचा.

मग त्यांनी प्लग लावला, वायर जरा हलवली,
आणि खोलीभर घोंऽ सुरू झालं,
पांढरी पाचच्या किंचित वर, न थकता.
अर्थिंग नाय, ते म्हणाले.
पार्टी वाजत असली का समजत नाय.
आम्ही दोघं ते ऐकत बसलो.
त्यांनी बारावा फेडर वर नेला, परत खाली आणला.
माझ्यासाठी नसावं ते.

माझं टेबल अडीच फुटांचं आहे.
मिक्सर तीन फुटांच्या वर भरला.
हे कारण मी फोनवर सांगितलं,
आणि लाल डबा घेऊन आलो.
दोन भोकं, दोन दिवे.
जोरात बोललं की हिरव्याचा लाल होतो.

महिन्याने म्हात्रेंचा फोन. गेला, उरणच्या पोरांनी नेला,
सात हजाराला. तुमाला सांगून ठेवला.
आणि पट्ट्या?
काढल्या सगल्या. रॉकेल लावून.
भावाची निघाली नाय.
निघाली नाही की काढली नाही, हे मी विचारलं नाही.

आता रात्री साडेअकराला, कोपरखैरणेत,
खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाल्यावर
मी हेडफोन घालतो.
पहिल्या इनपुटला माइक. दुसरा रिकामा;
गिटारची तार तुटलीय, आणायची राहिलीय.
रिकाम्याचाही गेन थोडा वर ठेवतो.
त्यातून काहीतरी येतं, वारा म्हणावा तर वारा नाही,
लांबून कुणी श्वास घ्यावा तसं.

डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं
की माझा मला ऐकू येतो,
जराही उशीर न होता.
गातो मग.
रेकॉर्डचं बटण दाबलंय की नाही,
हे शक्यतो बघत नाही.